‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट डझ नॉट एक्झिस्ट’: ड्रायव्हर आणि पूलर यांच्या मधल्या फटीतली चूक

लक्षणं सहसा अशी असतात. पायथनचं ॲप्लिकेशन आपल्या मशीनवर सुरळीत चालतं, टेस्ट पास होतात, स्टेजिंगवरही कुरकुर नसते. प्रॉडक्शनवर गर्दी वाढली की लॉगमध्ये मधूनच ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट डझ नॉट एक्झिस्ट’ अशी एरर येते. कधी नेमकं उलट, ‘ऑलरेडी एक्झिस्ट्स’. रीस्टार्ट केलं की थांबते, सगळे सुटकेचा श्वास सोडतात, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू. मग कोणीतरी ड्रायव्हरच्या, म्हणजे ॲप्लिकेशनला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीच्या, रेपॉझिटरीत इश्यू टाकतो. तिथे उत्तर मिळतं की हे तुमच्या पूलरमुळे होतंय (पूलर म्हणजे मध्ये बसून मोजकी डेटाबेस कनेक्शनं अनेक क्लायंटमध्ये वाटणारा प्रोग्राम). पूलरच्या रेपॉझिटरीत विचारलं तर ते डॉक्युमेंटेशनचं पान दाखवतात. ओआरएमवाले, म्हणजे कोडमधल्या ऑब्जेक्टवरून क्वेरी बनवणाऱ्या लायब्ररीचे लोक, म्हणतात, आम्ही फक्त ड्रायव्हरला क्वेरी देतो. तिघंही खरं बोलत असतात. इश्यू बंद होतो आणि काही दिवसांनी दुसरा कोणीतरी तोच नव्याने उघडतो.

इथे पायथन, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि पीजीबाउन्सर हा पूलर हे त्रिकूट धरून लिहितोय. या दुखण्यावरचा खरा इलाज तीन वेगवेगळ्या प्रकल्पांनी मिळून केला आहे, आणि तो कसा झाला हे कळलं की स्वतःच्या सेटअपमध्ये नेमकी कुठली कडी कमी आहे तेही कळतं. गो, रूबी किंवा जावा वापरणाऱ्यांना निदानाचा भाग बऱ्याच अंशी तसाच लागू पडेल.

नेमकं काय बिघडतं

पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी एक स्वतंत्र बॅकएंड प्रोसेस चालवतं. एक्स्टेंडेड प्रोटोकॉलमध्ये क्वेरी पार्स, बाइंड आणि एक्झिक्यूट अशा वेगवेगळ्या मेसेजमधून जाते. पार्स मेसेजमध्ये नाव दिलं की त्या नावाचं प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे आधीच पार्स करून ठेवलेली क्वेरी, त्या एका बॅकएंडच्या मेमरीत राहतं. कनेक्शन तुटेपर्यंत किंवा कोणी मुद्दाम काढून टाकेपर्यंत ते तिथेच असतं. पुढच्या वेळी ड्रायव्हर फक्त नाव आणि पॅरामीटर पाठवतो. पार्सिंगचा खर्च वाचतो, कधीकधी प्लॅनिंगचाही.

ड्रायव्हरने इथे एक गोष्ट गृहीत धरलेली असते: माझं कनेक्शन म्हणजे पलीकडचा एकच बॅकएंड. पीजीबाउन्सर ट्रँझॅक्शन मोडमध्ये असला की हे खरं राहत नाही. ट्रँझॅक्शन सुरू झालं की तो तुम्हाला एक सर्व्हर कनेक्शन देतो, संपलं की काढून घेतो, आणि पुढच्या ट्रँझॅक्शनला दुसरंच देऊ शकतो. शेकडो क्लायंट मोजक्या बॅकएंडवर चालवायचे तर दुसरा उपायही नाही. पोस्टग्रेसची मॅक्स कनेक्शन्स ही सेटिंग मुळात १०० असते, त्यातल्याही ३ जागा सुपरयूझरसाठी राखीव.

सामान ठेवण्याच्या दोन काउंटरांची कल्पना करा. दोन्हीकडे पावत्यांचे क्रमांक एकापासून सुरू होतात. पहिल्या काउंटरवर बॅग ठेवून एक नंबरची पावती घेतली आणि सोडवायला दुसऱ्या काउंटरवर गेलात, तर तीन गोष्टी होऊ शकतात. तिथे त्या नंबरची बॅगच नसते: हे ‘डझ नॉट एक्झिस्ट’, एररचा कोड २६०००. तुम्ही नवी बॅग ठेवायला जाता आणि एक नंबर आधीच वापरलेला असतो: हे ‘ऑलरेडी एक्झिस्ट्स’, कोड ४२पी०५. किंवा त्या नंबरची बॅग असते, पण दुसऱ्याची, आणि ती शांतपणे तुमच्या हातात दिली जाते.

या तिसऱ्या शक्यतेबद्दल फारसं कोणी बोलत नाही, कारण तिची एरर येत नाही. बहुतेक ड्रायव्हर स्टेटमेंटची नावं साध्या आकड्यांनी वाढवत नेतात. एका क्लायंटचं शून्य क्रमांकाचं स्टेटमेंट एका बॅकएंडवर ‘ऑर्डर शोधा’ असतं, दुसऱ्या क्लायंटचं त्याच क्रमांकाचं स्टेटमेंट दुसऱ्या बॅकएंडवर ‘ग्राहक शोधा’. कनेक्शनची अदलाबदल झाली की पहिल्याचे पॅरामीटर दुसऱ्याच्या क्वेरीला जोडले जातात. पॅरामीटरची संख्या वेगळी असेल तर नशीब: ‘बाइंड मेसेज सप्लाइज इतके पॅरामीटर्स, बट रिक्वायर्स तितके’ अशी ०८पी०१ कोडची एरर येते. संख्या आणि प्रकार जुळले, म्हणजे दोन्हीकडे एकच पूर्णांक आयडी असला, तर चुकीच्या क्वेरीचं उत्तर बरोबर समजून पुढे जातं. आणि ती क्वेरी सिलेक्टच असेल याची काही खात्री नाही.

म्हणून ही एरर ‘अधूनमधून येते, रिट्राय केलं की चालतं’ या खात्यात टाकू नका. २६००० दिसतोय म्हणजे आधी किंवा नंतर तिसरा प्रकार घडायला मोकळीक आहे. रिट्राय त्याला पकडत नाही. शिवाय ट्रँझॅक्शनच्या मध्यात एरर आली असेल तर त्याच ट्रँझॅक्शनमध्ये पुन्हा प्रयत्न केल्यावर ‘करंट ट्रँझॅक्शन इज अबॉर्टेड’ असा २५पी०२ मिळतो, आणि लॉगमध्ये मूळ एररच्या वर त्याचाच ढीग साचतो.

टेस्टमध्ये का सापडत नाही

पहिलं कारण उघड आहे, लोकल मशीनवर मध्ये पूलर नसतो. पण पूलर असूनही टेस्ट पास होतात, ते उंबरठ्यामुळे. सायकोपीजी ३ या पायथनच्या ड्रायव्हरमध्ये प्रिपेअर थ्रेशोल्ड मुळात ५ असतो. एकाच कनेक्शनवर तीच क्वेरी तेवढ्या वेळा चालून गेल्यावरच तो तिला नाव देऊन प्रिपेअर करतो. जावाच्या पीजीजेडीबीसीमध्येही हा आकडा ५ आहे. प्रत्येक गोष्ट एकदाच तपासणारी टेस्ट त्या उंबरठ्यापर्यंत पोचतच नाही. असिंकपीजी या पायथनच्या दुसऱ्या ड्रायव्हरला असा उंबरठा नाही, तो पहिल्याच वेळी प्रिपेअर करून आपल्या कॅशमध्ये ठेवतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत ही एरर लवकर दिसते. एका अर्थी बरंच.

दुसरं कारण इतिहासाचं. सायकोपीजी २ सर्व्हरवर आपणहून कधीच प्रिपेअर करत नसे. पॅरामीटर क्लायंटकडेच क्वेरीत मिसळून पूर्ण मजकूर पाठवत असे. पूलरबरोबर तो वर्षानुवर्षं निमूट चालला. त्यामुळे २ वरून ३ वर गेल्यावर एरर आली की ‘नवीन आवृत्ती बिघडलेली आहे’ असा निष्कर्ष निघतो आणि इश्यूचं शीर्षकही तसंच लिहिलं जातं. जँगो ही वेब फ्रेमवर्क वापरणाऱ्यांना हा त्रास कमी होतो, कारण जँगो सायकोपीजी ३ वापरताना प्रिपेअर थ्रेशोल्ड स्वतःच बंद ठेवतो. त्याच डेटाबेसवर, त्याच पूलरमधून, जँगोबाहेर लिहिलेली एखादी स्क्रिप्ट किंवा वर्कर चालवला की मात्र हेच दुखणं उपटतं, आणि वेब ॲपला काही होत नाही म्हणून संशय भलतीकडे जातो.

निदान: एररमधलं नाव वाचा

एरर मेसेजमध्ये अवतरणचिन्हांत जे नाव असतं तिकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. खरं तर ते नाव कोणी ठेवलं हे कळलं की अर्धं काम होतं. सुरुवातीला अंडरस्कोअर, मग पीजी३ आणि शेवटी आकडा असेल तर ते सायकोपीजी ३ चं. दोन अंडरस्कोअरमध्ये असिंकपीजी एसटीएमटी असं काही दिसलं तर असिंकपीजीचं. मोठा एस, अंडरस्कोअर आणि आकडा म्हणजे पीजीजेडीबीसी. ए१, ए२ असं असेल तर रेल्सचं ॲक्टिव्ह रेकॉर्ड. लहान एस आणि शून्यापासून आकडे असतील तर प्रिझ्मा. गोच्या पीजीएक्समध्ये नाव एसटीएमटीकॅश या शब्दाने सुरू होतं, आणि नव्या आवृत्त्यांत पुढचा भाग क्वेरीच्या मजकुराच्या हॅशवरून बनतो. ही हॅशची कल्पना मला आवडते. नाव मजकुरावरूनच ठरत असल्यामुळे एकाच नावाखाली दोन वेगळ्या क्वेरी राहू शकत नाहीत, म्हणजे एरर आली तरी दुसऱ्याची बॅग हातात येत नाही.

नाव मोठ्या अक्षरांत पीजीबाउन्सर असं सुरू होत असेल तर ते पूलरने स्वतः ठेवलेलं आहे, त्याबद्दल पुढे. आणि नाव तुमच्याच कोडमध्ये कोणी प्रिपेअर कमांड लिहून ठेवलेलं असेल तर शोध तिथेच संपला. पीजी प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स या सिस्टिम व्ह्यूमध्ये सध्याच्या सेशनमधली स्टेटमेंट दिसतात, आणि त्यातला फ्रॉम एसक्यूएल हा कॉलम सांगतो की ते एसक्यूएल कमांडने बनलं की प्रोटोकॉलच्या मेसेजने. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

नावच नसेल, म्हणजे ‘अननेम्ड प्रिपेअर्ड स्टेटमेंट डझ नॉट एक्झिस्ट’ असं आलं, तर प्रकरण थोडं वेगळं. काही ड्रायव्हर पार्स आणि डिस्क्राइब एका फेरीत पाठवतात, उत्तर आल्यावर बाइंड आणि एक्झिक्यूट दुसऱ्या फेरीत. ऑटोकमिटमध्ये या दोन फेऱ्यांच्या मध्ये पूलर सर्व्हर कनेक्शन काढून घेऊ शकतो. ड्रायव्हरची स्टेटमेंट कॅश शून्य केल्यावरही एरर येत राहते ती बऱ्याचदा यामुळे. ती क्वेरी उघडपणे ट्रँझॅक्शनमध्ये घातली की दोन्ही फेऱ्या एकाच बॅकएंडवर जातात.

मध्ये पूलर आहे की नाही याचीच खात्री नसते अशी परिस्थिती वाटते तितकी दुर्मिळ नाही. कनेक्शन स्ट्रिंग दुसऱ्याच टीमने दिलेली असते, किंवा होस्टिंग सेवेने पूलर गुपचूप मध्ये ठेवलेला असतो. पोर्ट ६४३२ असेल तर अंदाज येतो, तो पीजीबाउन्सरचा नेहमीचा पोर्ट आहे, पण पोर्ट बदलता येतो. याहून पक्की खूण बॅकएंड पीआयडीची, म्हणजे बॅकएंडच्या प्रोसेस क्रमांकाची. सायकोपीजीमध्ये कनेक्शनच्या इन्फोमधून बॅकएंड पीआयडी वाचा, आणि त्याच कनेक्शनवर पीजी बॅकएंड पीआयडी हे फंक्शन सिलेक्टने चालवा. थेट कनेक्शन असेल तर दोन्ही आकडे एकच असतात. पीजीबाउन्सर क्लायंटला खऱ्या पीआयडीऐवजी स्वतः बनवलेली कॅन्सल की देतो, त्यामुळे आकडे जुळत नाहीत. एक कनेक्शन पुरतं, लोडची गरज नाही. मग तेच सिलेक्ट वेगवेगळ्या ट्रँझॅक्शनमध्ये, गर्दी असताना, पुन्हा चालवा. उत्तर बदलत असेल तर मोड ट्रँझॅक्शनचाच आहे.

हमखास घडवून आणण्याची रीत

‘लोड टेस्टमध्ये कधीकधी येतं’ एवढ्यावर कुठलाही मेंटेनर काम करू शकत नाही. ही एरर मात्र लोडशिवाय, प्रत्येक वेळी घडवता येते.

पूलरचा पूल साइझ २ ठेवा, मोड ट्रँझॅक्शन, आणि मॅक्स प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स शून्य (म्हणजे पूलरची स्टेटमेंट सांभाळण्याची सोय बंद, तिच्याबद्दल पुढे). सायकोपीजीत प्रिपेअर थ्रेशोल्ड शून्य करा म्हणजे पहिल्याच वेळी प्रिपेअर होईल. क्लायंट ‘क’ एक क्वेरी चालवतो आणि कमिट करतो. आता क्लायंट ‘ख’ ट्रँझॅक्शन उघडून त्यात प्रिपेअर फॉल्स देऊन काहीही साधं चालवतो आणि ट्रँझॅक्शन उघडंच ठेवतो. पीजीबाउन्सर मुळात नुकतंच मोकळं झालेलं सर्व्हर कनेक्शन आधी देतो, म्हणून ‘ख’ला ‘क’चंच कनेक्शन मिळतं. मग ‘क’ने तीच क्वेरी पुन्हा चालवली की तो दुसऱ्या बॅकएंडवर जातो, आणि २६००० हजर. ‘ख’ने प्रिपेअर फॉल्स दिलं नाही तर त्याच्याच पहिल्या क्वेरीला ४२पी०५ मिळतो.

चुकीच्या उत्तराचा प्रकार पाहायचा असेल तर आधी ‘क’ला त्याच्या ट्रँझॅक्शनमध्ये अडकवून ठेवा आणि ‘ख’ला दुसऱ्या बॅकएंडवर स्वतःची वेगळी क्वेरी प्रिपेअर करू द्या. दोघांनी कमिट केल्यावर जागा उलट करा: ‘ख’ने ‘क’चा बॅकएंड धरून ठेवावा आणि ‘क’ने आपली जुनी क्वेरी चालवावी. कुठला क्लायंट कुठल्या बॅकएंडवर आहे ते प्रत्येक पायरीला पीआयडी विचारून पडताळत जा, तेही प्रिपेअर न करता. ज्यांना ‘रिट्राय लावू या’ असं वाटतं त्यांच्यासमोर हे एकदा चालवून दाखवावं.

इलाज तीन ठिकाणी विखुरलेला का होता

बरीच वर्षं उत्तर एकच होतं: ड्रायव्हरमध्ये प्रिपेअर करणं बंद करा. ऑक्टोबर २०२३ मध्ये पीजीबाउन्सर १.२१ आला आणि ट्रँझॅक्शन मोडमध्ये नाव दिलेल्या स्टेटमेंटची सोय झाली. पूलर पार्स मेसेज मध्येच अडवतो, क्वेरीच्या मजकुरासाठी स्वतःचं एक सामायिक नाव ठरवतो आणि कुठल्या सर्व्हर कनेक्शनवर काय काय प्रिपेअर झालंय याची नोंद ठेवतो. क्लायंटचं बाइंड नव्या बॅकएंडकडे निघालं आणि तिथे ते स्टेटमेंट नसेल तर आधी पार्स पाठवतो, मग बाइंड. वीस क्लायंटनी तीच क्वेरी प्रिपेअर केली तरी बॅकएंडवर ती एकदाच राहते.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही, कारण स्टेटमेंट बनवण्याइतकंच ते काढून टाकणंही असतं. सायकोपीजी एका कनेक्शनवर मुळात १०० स्टेटमेंट ठेवतो. यादी भरली की जुनं काढावं लागतं. प्रोटोकॉलमध्ये त्यासाठी क्लोज नावाचा मेसेज २००३ सालच्या पोस्टग्रेस ७.४ पासून आहे, पण पोस्टग्रेसच्या सी लायब्ररीत, लिबपीक्यूत, तो पाठवण्याचं फंक्शनच नव्हतं. तिच्या डॉक्युमेंटेशनचा सल्ला होता की डिअ‍ॅलोकेट ही एसक्यूएल कमांड वापरा. सायकोपीजी लिबपीक्यूवर उभा असल्यामुळे तो तेच करत होता. आता पूलर फक्त प्रोटोकॉलचे मेसेज अडवतो, क्वेरीचा मजकूर वाचत बसत नाही. त्यामुळे ड्रायव्हरने ठेवलेलं नाव डिअ‍ॅलोकेटमधून तसंच बॅकएंडपर्यंत जातं, आणि बॅकएंडला तर पूलरने ठेवलेलं नाव माहीत. परत २६०००! पूलर नवा करून, सोय चालू करूनही काही जणांना हीच एरर येत राहिली त्यामागे हे होतं. ती पहिल्या शंभर वेगवेगळ्या क्वेरी झाल्याशिवाय दिसत नाही, हा आणखी एक ताप.

ही फट बुजवायला पोस्टग्रेसमध्येच बदल लागला. २०२४ च्या पोस्टग्रेस १७ बरोबर आलेल्या लिबपीक्यूत पीक्यूक्लोजप्रिपेअर्ड हे फंक्शन आलं. सायकोपीजी ३.२ ने ते असेल तिथे वापरायला सुरुवात केली. रोलबॅक किंवा ड्रॉप झाल्यावर सायकोपीजी यादी पुसून डिअ‍ॅलोकेट ऑल पाठवतो, पीजीबाउन्सर १.२२ ने डिअ‍ॅलोकेट ऑल आणि डिस्कार्ड ऑल या दोन कमांड ओळखायला सुरुवात केली. तीन रेपॉझिटरी, तीन वेगवेगळी रिलीजची वेळापत्रकं. यातला एक जरी तुकडा तुमच्याकडे जुना असेल तर साखळी तुटते, आणि एरर मात्र अक्षरशः तीच दिसते.

मग आता काय करायचं

शक्य असेल तर साखळी पूर्ण करा: पीजीबाउन्सर १.२२ किंवा पुढचा, मॅक्स प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स शून्याहून जास्त, सायकोपीजी ३.२ किंवा पुढचा, आणि लिबपीक्यू १७ किंवा पुढची. पीजीबाउन्सर १.२४ पासून ही सेटिंग मुळातच २०० असते. त्याआधी ती शून्य असे, म्हणजे नवा पूलर टाकूनही सोय बंदच. जुनी कॉन्फिग फाइल पुढे ओढत आणली असेल तर त्यात कोणी शून्य लिहून ठेवलंय का ते पाहा.

लिबपीक्यूच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत होते. सर्व्हर पोस्टग्रेस १७ केला म्हणजे क्लायंटची लायब्ररी १७ झाली असं नाही. उलट सर्व्हर जुना असला तरी चालतं, लायब्ररी नवी हवी. आणि सायकोपीजीचं बायनरी पॅकेज वापरत असाल तर ते स्वतःची लिबपीक्यू बरोबर आणतं, सिस्टिमवरची कितीही नवी असो, ती वापरलीच जात नाही. म्हणून पॅकेज मॅनेजरला विचारू नका, चालू प्रोसेसला विचारा: सायकोपीजीच्या पीक्यू मॉड्यूलमधलं व्हर्जन फंक्शन खरा आकडा देतं. ३.२ मध्ये कॅपॅबिलिटीज नावाचं ऑब्जेक्टही आहे, त्यात क्लोज प्रिपेअर्ड उपलब्ध आहे का हे थेट विचारता येतं.

साखळी पूर्ण करणं हातात नसेल, म्हणजे पूलर दुसऱ्याच्या ताब्यात असेल, तर प्रिपेअर थ्रेशोल्ड नन करा. शून्य नव्हे, नन, म्हणजे पायथनमधलं ‘काहीच नाही’ हे मूल्य. शून्याचा अर्थ ‘पहिल्या वेळेपासून प्रिपेअर कर’ असा होतो, आणि ही अदलाबदल सर्रास होते. असिंकपीजीत स्टेटमेंट कॅश साइझ शून्य करा. त्यावर एसक्यूएलअल्केमी ही ओआरएम लायब्ररी असेल तर तिच्या असिंकपीजी डायलेक्टची वेगळी कॅश आहे, प्रिपेअर्ड स्टेटमेंट कॅश साइझ नावाची. दोन्ही बंद कराव्या लागतात. नावांची टक्कर टाळायला नाव बनवणारं फंक्शन देता येतं, त्यात दर वेळी नवा यूयूआयडी घालावा असं तिचं डॉक्युमेंटेशनच सुचवतं. पीजीएक्समध्ये क्वेरी एक्झेक मोड बदला, रेल्समध्ये प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स फॉल्स.

बंद करण्याची किंमत किती? माझ्या मते बहुतेक वेब ॲप्लिकेशनमध्ये ती कोणाच्या लक्षातही येत नाही. पाच-सात टेबलं जोडणारी, प्लॅनिंगलाच वेळ घेणारी क्वेरी सेकंदाला शेकडो वेळा चालत असेल तर मात्र मोजून पाहा. पूलर सेशन मोडवर टाकणं, म्हणजे क्लायंट सुटेपर्यंत एकच सर्व्हर कनेक्शन त्याला देऊन ठेवणं, हा उपाय मी सहसा सुचवत नाही. एरर जाते, पण पूलर ज्यासाठी आणला तेच जातं.

जाता जाता एक जुळी एरर: ‘कॅश्ड प्लॅन मस्ट नॉट चेंज रिझल्ट टाइप’, कोड ०ए०००. ही पूलरच्या अदलाबदलीमुळे येत नाही. मायग्रेशनने टेबलाचे कॉलम बदलले आणि जुनं स्टेटमेंट बॅकएंडवर तसंच राहिलं की येते. पीजीबाउन्सरच्या ॲडमिन कन्सोलवर रीकनेक्ट कमांड दिली की तो सर्व्हर कनेक्शनं मोकळी होतील तशी बंद करून नवी उघडतो. मायग्रेशनच्या स्क्रिप्टमध्येच ती घालून ठेवावी.

इश्यू आणि पॅच

वरचं सगळं तपासूनही एरर उरली तर ती खरोखर कळवण्यासारखी आहे. कुठे कळवायची हे नावावरून ठरवा. ड्रायव्हरचं नाव आणि डिअ‍ॅलोकेट चालताना एरर असेल तर ड्रायव्हरकडे, लिबपीक्यूच्या आकड्यासकट. पूलरचं नाव असेल तर पूलरकडे, आणि तिथे जाण्याआधी तुमच्या कोडमध्ये कोणी हाताने प्रिपेअर किंवा डिअ‍ॅलोकेट लिहिलंय का ते ग्रेप करून घ्या, कारण एसक्यूएलमधून केलेलं प्रिपेअर पूलर सांभाळत नाही आणि सांभाळण्याचा दावाही करत नाही.

इश्यूमध्ये ओआरएमचा स्टॅक ट्रेस चिकटवण्यापेक्षा वरच्यासारखी ‘क’ आणि ‘ख’ यांची वीस ओळींची स्क्रिप्ट द्या. सोबत पूलरची आवृत्ती, मोड, पूल साइझ, मॅक्स प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स, ड्रायव्हर आणि लिबपीक्यूची आवृत्ती, एररचा पाच अक्षरी कोड आणि पूर्ण नाव. ‘लेटेस्ट’ लिहू नका, आकडा लिहा. ओआरएमशिवाय एरर येत नसेल तर ते तसंच सांगा. तीही माहितीच आहे, आणि तेव्हा इश्यूची जागा ओआरएमच्या रेपॉझिटरीत आहे.

पॅच पाठवायचा असेल तर जागेप्रमाणे रीत बदलते. सायकोपीजी आणि पीजीबाउन्सर गिटहबवर पुल रिक्वेस्ट घेतात. पोस्टग्रेसच्या मूळ कोडात, म्हणजे लिबपीक्यूतही, तशा घेतल्या जात नाहीत. पॅच मेलने जातो आणि कमिटफेस्ट नावाच्या समीक्षेच्या फेरीत तपासला जातो. याला वेळ लागतो आणि नव्या सोयी आणणारं मोठं रिलीज वर्षातून एकदाच येतं, त्यामुळे तोवर ड्रायव्हरमध्ये आडवाट ठेवावी लागते. पीजीबाउन्सरच्या टेस्ट पायथनमध्ये, पायटेस्ट आणि सायकोपीजी वापरून लिहिलेल्या आहेत, म्हणजे पायथनवाल्याला सी न शिकताही तिथे चूक दाखवणारी, नापास होणारी एक टेस्ट लिहून देता येते. मेंटेनरला लांबलचक वर्णनापेक्षा ती हवी असते.

तुमच्या स्वतःच्या लायब्ररीच्या सीआयमध्ये (दर बदलाला आपोआप चालणाऱ्या टेस्टमध्ये) पूलर घालणार असाल तर नुसता घालून भागत नाही. एक फेरी मॅक्स प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स शून्य ठेवून चालवा, एक चालू ठेवून. लिबपीक्यू १६ आणि १७ दोन्ही घ्या. प्रिपेअर थ्रेशोल्ड शून्यावर आणा. आणि सायकोपीजीचं प्रिपेअर्ड मॅक्स एक किंवा दोनवर आणा, कारण ते १०० वर राहिलं तर स्टेटमेंट काढून टाकण्याचा रस्ता टेस्टमध्ये एकदाही चालत नाही.